डिप्लोमावाल्यांची बॅच

मागच्या आठवड्यात रात्री पावणेबाराला मामाच्या पोराचा फोन. "दादा, झोपलास का?" झोपलोच होतो, पण नाही म्हणलं. पोरगं यंदा मेकॅनिकलचा डिप्लोमा झालंय, ८१ टक्के आहेत, आणि डायरेक्ट सेकंड इयरचा, म्हणजे डिप्लोमानंतर थेट इंजिनियरिंगच्या दुसऱ्या वर्षाला जायचा, ऑप्शन फॉर्म उघडून बसलं होतं, शेजारी मामा, मामी आणि मामाचे एक मित्र, ज्यांचा पोरगा इंजिनियर आहे म्हणून त्यांना यातलं सगळं कळतं असं घरात ठरलेलं. एक नंबरला कुठलं कॉलेज टाकू एवढाच प्रश्न होता. मी म्हणलं, तुला खरंच जिथं जायचंय ते वर टाक, मागच्या वर्षीचे कटऑफ बघून खाली-वर करत बसू नको, वरचं नाही लागलं तर सिस्टिम आपोआप खालचं बघते, त्यात तुझं काही जात नाही. फक्त एक लक्षात ठेव, पहिल्या राउंडला एक नंबरचं कॉलेज लागलं की ते ऑटो-फ्रीझ होतं, पुढच्या राउंडचा विषयच संपतो, म्हणून "टाकून बघू" म्हणत एक नंबरला काहीही टाकू नको. मामांच्या मित्रांना हे पटलं नाही असं मागून ऐकू आलं.

फोन ठेवायच्या आधी, बहुतेक उठून बाहेर ओट्यावर आला असणार, आवाज बारीक करून म्हणतो, "दादा, तिथं लई अवघड जातं का?" मी "जातं थोडं, होतं नीट" म्हणून मोकळा झालो. त्यानंतर दीड तास झोप नाही. कारण हेच मी २०१७ ला एकाला विचारलं होतं आणि त्यानेही मला हेच उत्तर दिलं होतं, आणि त्या उत्तराचा मला काडीचा उपयोग झाला नव्हता. म्हणून हे जरा सविस्तर लिहितोय, त्यालाच लिंक पाठवणार आहे.

आम्ही लातूरचे. लातूरला दहावीला बरे मार्क पडले की पोरगं अकरावी सायन्सलाच जातं, लातूर पॅटर्न, नीट, जेईई, सगळं गाव त्याच गल्लीत. मला ७८ टक्के पडले आणि पप्पा म्हणले डिप्लोमा कर, तीन वर्षांत हाताला काम येतं. पप्पा आडतीवर मुनीम आहेत, त्यांचा हिशोब नेहमी सरळ असतो. तर २०१४ ते २०१७ पॉलिटेक्निक. मधल्या वर्षी, २०१६ च्या एप्रिलमध्ये, मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी यायला लागलं, आमच्या घरी नळाची तारीख आणि सबमिशनची तारीख एकाच कॅलेंडरवर लिहिलेली असायची. त्या उन्हाळ्यात पप्पा पहिल्यांदा म्हणले की पुढचं शिक्षण बाहेर कर. करिअर प्लॅनिंग म्हणतात ते आमच्याकडे एवढंच झालं. पुढे फायनल इयरला ७६ टक्के पडले, मेरिट लागली, पुण्यात कॉलेज लागलं. कॉलेजचं नाव लिहीत नाही, कात्रजच्या बाजूला आहे एवढंच.

आता पहिली गोष्ट जी कुणी सांगत नाही. तुम्ही उशिरा पोचता. डायरेक्ट सेकंड इयरच्या राउंड संपेपर्यंत रेग्युलर पोरांचे वर्ग सुरू झालेले असतात, आमच्या वेळी जवळपास महिना झाला होता. मी लातूर एक्सप्रेसच्या जनरल डब्यात बसून पहाटे पुण्यात उतरलो, कॉट बेसिसवर खोली बघितली, दुसऱ्या दिवशी वर्गात गेलो तर फळ्यावर चॅप्टर दुसरा चालू आणि वर्गातल्या सगळ्यांचे ग्रुप एक वर्षाचे जुने. फर्स्ट इयरच त्यांनी एकत्र काढलेलं. हजेरीत आमचे रोल नंबर सगळ्यात शेवटी, कारण नावं नंतर घुसवलेली. आणि रोल नंबर शेवटचे म्हणजे प्रॅक्टिकलची बॅचपण शेवटची, बॅच चार, त्यात वीसपैकी सोळा डिप्लोमावाले. कुणी मुद्दाम केलं असं नाही, एक्सेलमध्ये तसं पडलं. पण होतं काय की तुम्ही आपोआप एकमेकांतच राहता, नोट्स एकमेकांच्याच घेता, आणि जे कुणालाच येत नाही ते सोळा जण मिळून येत नाही. ही बॅच चार मला फार आवडायची, अजून त्यातल्या पाच जणांशी रोज बोलणं असतं, पण पहिल्या सेमला तिनेच माझा घात केला असं आता वाटतं.

दुसरं, बोलणं. माझ्या तोंडात "काय करायलास", "मी जेवायलोय", "जाऊन यायलोय" असं. पहिल्या आठवड्यात लॅबमध्ये मी म्हणलं, "सर, रीडिंग घ्यायलोय," आणि मागून कुणीतरी "घ्यायलोय" असं हळूच परत म्हणलं आणि चार जण हसले. वाईट हेतू नव्हता त्यांचा. तरी मी त्या दिवसापासून "घेतोय" म्हणायला लागलो आणि महिनाभर प्रत्येक वाक्य तोंडातून काढायच्या आधी तपासून काढायचो, त्यामुळे वर्गात प्रश्न विचारणं बंदच झालं, कारण प्रश्न विचारेपर्यंत वाक्य तपासून होईना. दिवाळीला घरी गेलो तर आई म्हणली, "पुणेरी बोलायलास की रे!" म्हणजे इकडे लातूरचा आणि तिकडे पुण्याचा. इंग्रजीचं लोक फार बोलतात, तेही होतंच, डिप्लोमाला उत्तर इंग्रजीत लिहायचो पण शिकायचो मराठीत, पण मला विचाराल तर इंग्रजीपेक्षा या मराठीनेच मला जास्त गप्प केलं.

आणि मग एम-थ्री, म्हणजे इंजिनियरिंग मॅथ्सचा तिसरा पेपर.

यावर मी जरा जास्त लिहिणार आहे, कारण डिप्लोमावाल्याचं वर्ष कुठे अडकतं तर इथे. सगळे म्हणतात "डिप्लोमावाल्यांचं मॅथ्स कच्चं असतं". कच्चं नसतं हो, मधले दोन मजलेच बांधलेले नसतात. आम्ही डिप्लोमाला इंटिग्रेशन केलेलं, डिफरन्शियल इक्वेशन पहिल्या ऑर्डरपर्यंत केलेलं, आणि ते मला चांगलं यायचं. एम-थ्रीमध्ये सुरुवातीला एलडीई, म्हणजे लिनियर डिफरन्शियल इक्वेशन आलं, डी ऑपरेटर, ऑक्झिलरी इक्वेशन काढा, रूट्स काढा, सीएफ लिहा, पीआय काढा. हे जमलं, रेसिपीच आहे ती. लाप्लासही कसंबसं जमलं. मला वाटलं लोक उगाच घाबरवतात. मग व्हेक्टर कॅल्क्युलस सुरू झालं आणि मॅडमनी फळ्यावर एक वाकडा डी काढला. म्हणजे डीच, पण मान मोडल्यासारखा. आणि न थांबता पुढे गेल्या, कारण वर्गातल्या बाकी सगळ्यांनी तो एम-वनला बघितलेला. पार्शल डिफरन्सिएशन एम-वनला असतं, डबल-ट्रिपल इंटिग्रेशन एम-टूला असतं, आणि ग्रीन, स्टोक्स, गाऊस हे सगळे त्या दोन्हींच्या खांद्यावर बसलेले. आम्ही ना एम-वन दिलेला ना एम-टू. डायरेक्ट सेकंड इयर म्हणजे काय तर हेच की, फर्स्ट इयर माफ. तो माफ झालेला हिशोब असा वसूल होतो.

मी काय करायला पाहिजे होतं? हात वर करून "मॅडम हा वाकडा डी काय आहे" एवढं. नाही केलं. बॅच चारमध्ये विचारलं, तर सोळांपैकी एकालाही माहीत नाही, सगळे म्हणाले पीएलला बघू. पीएलला म्हणजे परीक्षेच्या आधीच्या सुट्टीत पब्लिकेशनची पुस्तकं आणून सोडवलेली गणितं पाठ केली, पाठ! ग्रॅडिएंटचं गणित पाठ करून गेलो आणि पेपरात फंक्शन बदललं. एम-थ्री गेला. आयुष्यातली पहिली केटी. पप्पांना फोनवर "एक विषय राहिला" म्हणलं, तर पप्पा म्हणले "राहिला म्हणजे, द्यायचा राहिला का?" आणि मला हो-नाही काहीच म्हणता येईना.

सोडवलं कुणी, तर रूममेटने. साताऱ्याचा, रेग्युलरवाला, त्याच कॉलेजचा पण दुसऱ्या डिव्हिजनचा. रविवारी संध्याकाळी मेस बंद असते, आम्ही नऱ्ह्यात वडापाव खाऊन आलो होतो आणि मी सहज त्याला म्हणलं की मला तो वाकडा डी कळत नाही. त्याला आधी वाटलं मी मस्करी करतोय. मग त्याने मेसच्या कार्डामागे एक्स स्क्वेअर वाय असं लिहिलं. "एक्सच्या बाजूने बघतोयस ना? मग वाय म्हणजे दगड. तो हलत नाही. पाच लिहिलंय समज." मग टू एक्स वाय. "आता वायच्या बाजूने बघ. आता एक्स दगड." मग एक्स स्क्वेअर. "झालं." झालं? हो, झालं. चार महिने जे मला भिंत वाटत होतं ते तेवढंच होतं, नेहमीचंच डेरिव्हेटिव्ह, एकाला दगड समजून. मला आनंद व्हायच्या आधी राग आला, स्वतःचाच. पुढचा दीड महिना रोज रात्री तासभर त्याने मला एम-वन आणि एम-टूमधलं जेवढं लागतं तेवढंच शिकवलं, सगळं नाही, मे महिन्यात एम-थ्री निघाला.

फुकट नाही शिकवलं पण त्याने. आणि ही माझी आवडती गोष्ट आहे. दुसऱ्या सेमला टॉम होतं, थिअरी ऑफ मशिन्स, त्याच्या शीट असतात, मेकॅनिझम काढायचं, त्याचा व्हेलॉसिटी पॉलिगॉन, अ‍ॅक्सिलरेशन पॉलिगॉन, क्लाइन्स कन्स्ट्रक्शन. रेग्युलर पोरं यात रडकुंडीला येतात. मी हेच डिप्लोमाला केलेलं, ड्राफ्टर लावला की माझा हात आपोआप चालायचा. माझी शीट झाली की आमच्या खोलीत काचेखाली ट्यूबलाइट लावून जीटी, म्हणजे माझ्या शीटवरून ट्रेसिंग सुरू, रात्री दोन-दोन वाजेपर्यंत पोरं लाइन लावून, आणि दुसऱ्या दिवशी सर वर्गात विचारायचे की सगळ्यांच्या पॉलिगॉनला तोच एक मिलिमीटरचा एरर कसा. मशिन शॉपला तर अजून मजा. लेथवर जॉब होता, बहुतेकांनी लेथ फक्त लांबून बघितलेला. एकाने टूल सेंटर न करताच कट घ्यायला सुरुवात केली, आवाजावरूनच मला कळलं, मी पळत जाऊन मशिन बंद केलं आणि टूलखाली पॅकिंग टाकून सेंटर केलं. असिस्टंट काका म्हणले, "डिप्लोमा का?" मी हो म्हणलं. त्या "हो" मध्ये पहिल्यांदा मान खाली नव्हती. त्यानंतर पोरं मला शोधत यायला लागली, आणि मीपण त्यांच्याकडे आपलं अडलेलं घेऊन जायला लागलो. लातूरचं बोलणंही परत आलं मग. शेवटच्या वर्षी अख्खी मेकॅनिकल ब्रांच "काय करायलास" म्हणत होती.

तर मामाच्या पोरा, तुझ्यासाठी यातून एवढंच घे की वर्ग सुरू व्हायच्या आधी मिळतील त्या दिवसांत पार्शल डिफरन्सिएशन आणि डबल इंटिग्रेशन बघून जा. मधल्या काळात पॅटर्न दोनदा बदलले, कुठला विषय कुठल्या सेमला आहे ते सिलॅबस डाउनलोड करून बघ, पण ही दोन प्रकरणं कुठे ना कुठे लागणारच. कॉलेज ब्रिज कोर्स ठेवत असेल तर बुडवू नको. आणि बॅच चारमध्ये पडलास तर मैत्री कर, पण जर्नल दुसऱ्या बॅचच्या पोराबरोबर बसून लिही.

पैशाचं पटकन सांगतो, मामा विचारणारच आहेत. कॅपमधून, म्हणजे सरकारी प्रवेश राउंडमधून गेलास आणि घरचं उत्पन्न आठ लाखांच्या आत असेल तर ईबीसीमध्ये निम्मी ट्यूशन फी माफ होते, मॅनेजमेंट कोट्यातून गेलास तर नाही होत. उत्पन्नाचा दाखला आत्ताच काढून ठेव, ऐनवेळी सेतूला रांग असते. तुझ्या बहिणीचं पुढच्या वर्षी आहे ना, तिची कागदपत्रं अजून नीट सांभाळा, २०२४ पासून ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसीतल्या मुलींची आठ लाखांच्या आत उत्पन्न असेल तर पूर्ण ट्यूशन आणि परीक्षा फी माफ आहे. मग मामा तिला "डिग्रीला कशाला" म्हणतील तर त्यांना माझ्याशी बोलायला सांग.

आता मोठा प्रश्न, जो तू विचारला नाहीस. डिग्री करायचीच का? तुमच्या घरात हा प्रश्न कुणी विचारणार नाही कारण सगळ्यांनी धरूनच चाललंय. आमच्या पॉलिटेक्निकचे आम्ही तिघं एका बाकावरचे. एक जण डिप्लोमा झाल्याबरोबर २०१७ लाच रांजणगावला ट्रेनी म्हणून लागला, नऊ हजारांवर. दुसरा ज्युनियर इंजिनियरच्या परीक्षांच्या मागे लागला, रेल्वेची जेई, एसएससीची (दहावी नव्हे, स्टाफ सिलेक्शन कमिशन) जेई, दोन्हीला डिप्लोमा चालतो. आणि मी डिग्रीला. आमची शेवटची परीक्षा २०२० च्या ऑक्टोबरमध्ये झाली, कोविडमध्ये, घरी बसून एमसीक्यू, चार वर्षांची इंजिनियरिंग (माझी तीनच) मोबाईलच्या कॅमेऱ्यासमोर संपली, आणि मी चाकणला जीईटी, म्हणजे ग्रॅज्युएट इंजिनियर ट्रेनी म्हणून लागलो तोपर्यंत २०२१ उजाडलं. त्या दिवशी रांजणगाववाल्याचा पगार माझ्यापेक्षा जास्त होता. साडेतीन वर्षं त्याने कमावली होती आणि मी ईबीसीचे फॉर्म भरत होतो. मला तेव्हा खरंच वाटलं की आपण चुकलो.

पुढे काय झालं ते पण सांगतो. मला दोन वर्षांनी लाइनवरून क्वालिटीला आणि मग प्लॅनिंगला घेतलं. रांजणगाववाला सुपरवायझर झाला, काम माझ्यापेक्षा भारी येतं त्याला, पण वरच्या पोस्टच्या इंटरनल अर्जात "बीई/बीटेक" लिहिलेलं असतं आणि तिथे तो थांबतो. आता नोकरी करणाऱ्यांसाठी सोयीच्या वेळेत डिग्री करता येते, २०२३-२४ पासून एआयसीटीईने, म्हणजे तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय परिषदेने, त्याला परवानगी दिलीय, तो तिथं चौकशी करतोय. बायको, एक पोरगी आणि शिफ्ट सांभाळून पार्शल डिफरन्सिएशन शिकणार आहे, मी म्हणलं मेसचं कार्ड घेऊन येतो. आणि जेईवाला, त्याला तीन प्रयत्न लागले, लागला तो रेल्वेत, आणि आम्हा तिघांत सगळ्यात शांत झोपणारा तोच आहे. म्हणजे मी तुला डिग्री कर किंवा करू नको असं काहीच सांगत नाहीये, मला स्वतःला लाइनवरच्या कामाचा कंटाळा आला असता म्हणून माझ्यासाठी डिग्री बरोबर ठरली, तुला मशिनवर उभं राहायला आवडतं हे मी दिवाळीत बघितलंय, मामाच्या पिठाच्या गिरणीची मोटर तू तास-तास उघडून बसतोस. याचा विचार त्या ऑप्शन फॉर्मच्या आधी कर, नंतर नाही.

आणि जायचंच ठरलं तर एक कोरडी गोष्ट डोक्यात ठेव. कॅम्पसला बऱ्याच कंपन्या दहावी, डिप्लोमा, डिग्री सगळीकडे ६० टक्के मागतात आणि चालू बॅकलॉग नको म्हणतात. तुझ्या डिग्रीच्या मार्कांत फर्स्ट इयर नसतंच, म्हणजे रेग्युलर पोरांना एक सेम खराब गेलं तर भरून काढायला आठ सेम असतात, तुला सहा. मला ती एक केटी थर्ड इयरच्या आत निघाली म्हणून वाचलो. आणि हो, ऑनलाइन फॉर्ममध्ये अजूनही "बारावीचे मार्क" हा रकाना कंपल्सरी असतो, डिप्लोमाचा ऑप्शनच नसतो. तिथे मनाने आकडा टाकू नको, त्यांना मेल कर. मी एकदा दहावीचे मार्क तिथे टाकले होते आणि इंटरव्ह्यूत पंधरा मिनिटं तेच समजावत बसलो.

परवा सुट्टी होती, अप्पा बळवंत चौकात गेलो होतो दुसऱ्याच कामाला, तिथे जुन्या पुस्तकांत एम-वन आणि एम-टू दिसली. दोन्हीची मिळून एकशे ऐंशी रुपयांना दिली त्याने. एम-टूच्या पहिल्या पानावर कुणीतरी लाल पेनाने "फक्त ४० दे देवा" लिहिलंय, आणि खाली दुसऱ्या अक्षरात "दिले". रविवारी कुरिअर करतोय, मामीला सांगितलंय पोराच्या हातात द्यायला, मामांच्या मित्राच्या नाही.